जवसाचं तेल, गेरू आणि चिंध्या: नागपूरच्या उन्हात स्वीडिश धाटणीचं घर

मागच्या अंकात स्वीडनच्या खेड्यांतल्या घरांवर लेख होता. फिकट करड्या-निळ्या भिंती, हाताने रंगवलेलं लाकूड, जमिनीवर चिंध्यांच्या लांब पट्ट्या आणि बाहेरून तांबड्या फळ्या, असं त्या घरांचं रूप. त्यावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ही घरं विकतच्या शोभेच्या वस्तूंनी सजली नव्हती. खाणीतली माती, घरातलं पीठ, जवसाचं तेल, चुना आणि जुने कपडे यांतून ती घडली. हे सगळं सामान विदर्भातही मिळतं, त्यामुळे ‘स्वीडिश’ अशी चिठ्ठी लावलेलं काही विकत घेण्याची गरज नाही.

प्रश्न: धंतोलीत आमचं जुनं घर आहे. बैठकीला पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत. लेख वाचून भिंती पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या, पण दुपारी तिथे बसवत नाही, डोळे दिपतात. फोटोतली घरं तर पांढरीच दिसतात. मग आमचं काय चुकलं?

उत्तर: स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, आणि तेवढा वेळही सूर्य क्षितिजालगतच फिरतो. त्या थोड्याशा उजेडाची साठवण व्हावी म्हणून भिंती फिकट ठेवत. नागपूर २१ अंशांवर आहे. मेच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि घरात शिरणारा उजेड बराचसा अंगणातल्या फरशीवरून आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवरून उसळून येतो. तिकडे उजेड धरून ठेवायचा असतो, इथे तो गाळून घ्यायचा.

दुसरी चूक बहुधा रंगाच्या जातीत आहे. जुन्या स्वीडिश भिंतींवर चुना किंवा सरसाचा डिस्टेंपर असे. दोन्ही पूर्ण मॅट, चकाकी अजिबात नाही. तुमच्याकडे चकाकीचं प्लास्टिक इमल्शन लागलं असेल, तर निम्मा त्रास त्या चकाकीचा आहे.

आधी खिडक्यांचं बघा, रंगाचं नंतर. खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक लावा. आत लावली तर काच तापते आणि चिक ती उष्णता खोलीतच सोडते. आतल्या बाजूला मांजरपाटाचा साधा पडदा पुरेसा आहे. कापड खिडकीच्या रुंदीच्या दीडपट घ्या. झालर नको, अस्तर नको. शिवण्याआधी ते गरम पाण्यातून काढून वाळवा. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर सहज आटतो, आणि आधीच शिवलेला पडदा मग खिडकीच्या खालच्या कडेपासून वर उचलला जातो.

आता भिंत. मूठभर पाणी मारून पाहा. थेंब ओघळून गेले तर खाली प्लास्टिकचा थर आहे आणि त्यावर चुना धरणार नाही. तो खरवडावाच लागेल. भिंत पाणी पीत असेल तर चुना लावता येईल.

कळीचा चुना निदान आठवडाभर पाण्यात भिजत ठेवून कापडातून गाळा. दह्यासारख्या घट्ट चुन्याच्या १ भागाला ४ भाग पाणी घातलं की दुधासारखं पातळ होतं, तेवढंच हवं. पाच किलो घट्ट चुन्याला १०० ग्रॅम रामरज (रंगाची पिवळी माती) आणि १५ ग्रॅम काजळी घातली की पश्चिमेच्या उन्हात न बोचणारा उबदार करडा मिळतो. नुसती काजळी घातली तर पांढऱ्यात ती निळसर दिसते. उत्तरेच्या खोलीला हा निळसरपणा शोभतो, पश्चिमेला मात्र भिंत आजारी वाटते. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि भिंतीवर काळे फराटे उठतात. म्हणून ती आधी थोड्या स्पिरिटमध्ये खलून घ्या. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे लागतीलच, कारण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

भिंत पाण्याने ओली करून पातळ तीन हात द्या, दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. ओला चुना वाळल्यावर कितीतरी फिका होतो, तेव्हा कोपऱ्यात हातभर तुकडा रंगवून दोन दिवसांनी पाहा आणि मगच ठरवा. हे काम उन्हाळ्यात काढू नका. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखं घट्ट व्हायला ओल लागते. एप्रिल-मेच्या झळांनी तो तासाभरात वाळून जातो आणि मग भिंतीला टेकलं की कपड्यांना पांढरं लागत राहतं.

प्रश्न: महालमधल्या आमच्या वाड्यात सागवानी कोरीव दार, जुनी कपाटं आणि सहा लाकडी खुर्च्या आहेत. सगळं स्वीडिश करड्या रंगात रंगवायचा विचार आहे. पेंटर म्हणतो ऑइलपेंट मारून टाकू. तुमच्या लेखात जवसाच्या तेलाचा रंग म्हटला होता. तो इथे जमेल का?

उत्तर: कोरीव दार रंगवू नका. स्वीडनमध्ये लाकूड रंगवत, कारण त्यांचं लाकूड पाइन आणि स्प्रूसचं. मऊ, गाठाळ, लवकर मळणारं. राजा तिसरा गुस्ताव १७७१ ते १७९२ गादीवर होता. त्याच्या काळात दरबारी फर्निचरवर करड्या-मोतिया रंगाची चाल पडली, आणि खेड्यांनी ती आपल्या पाइनच्या खुर्च्यांवर उतरवली. साग ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे रेषे झाकणं म्हणजे मुद्दाम नुकसान करून घेणं. दाराला वर्षातून एकदा बेलतेलाचा पातळ हात द्या, बस. कपाटं आणि खुर्च्या सागाच्या नसतील तर त्या जरूर रंगवा.

बेलतेल म्हणजे उकळवलेलं जवस तेल. विदर्भात जवस चटणीसाठी आणि तेलासाठी पेरतात. स्वीडनच्या हेल्सिंगलांड भागात हीच वनस्पती धाग्यासाठी पिकवत. त्या लिननच्या आणि लाकडाच्या पैशांतून शेतकऱ्यांनी नक्षीदार खोल्यांची प्रशस्त घरं बांधली. त्यांतली सात घरं २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. रंगासाठी मात्र घाण्याचं खाण्याचं तेल घेऊ नका, ते आठवडे-आठवडे चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्डच घ्या.

रंग घरी करता येतो. तीन भाग टायटॅनियम डायऑक्साइड आणि एक भाग झिंक ऑक्साइड घ्या. पहिला झाकतो, दुसरा बुरशीला आळा घालतो. किलोभर मिश्रणाला पाव किलोच्या आसपास बेलतेल घालून घट्ट गोळा करा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी तो जुन्या पाट्या-वरवंट्यावर वाटा. हा पाटा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. बोटांत चोळल्यावर रवा लागत नाही इतकं बारीक झालं पाहिजे. मग त्यात ३ ग्रॅम काजळी आणि २० ग्रॅम रामरज, तीही तेलात वेगळी वाटलेली, थोडी थोडी घाला. काजळीचा हात फार जड असतो, चिमूटभर जास्त झाली की करड्याचा शिसवी होतो. शेवटी ब्रशवरून सुटेल इतपत तेल घालून पातळ करा.

जुना ऑइलपेंट निघायलाच हवा. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून पॉलिश पेपर चालवा, खाली प्लास्टिक अंथरा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. लाकूड पूर्ण वाळलं की गाठींवर चपड्याचे (शुद्ध केलेल्या लाखेचे) दोन हात द्या, लिटरभर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा या मापाने. तो नसेल तर गाठीतली राळ उन्हाळ्यात रंगातून पिवळी होऊन डोकावते.

रंगाचे हात तीन. पहिला टर्पेंटाइन घालून पातळ केलेला, म्हणजे लाकूड तो पिऊन घेईल. दुसरा आणि तिसरा नुसत्या रंगाचे. प्रत्येक हात इतका पातळ की लावतोय का पुसतोय अशी शंका यावी. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १३० चौरस फूट झालं पाहिजे. त्यापेक्षा कमी भरलं तर तुम्ही जाड लावताय. पेंटरांची चूक नेमकी इथेच होते, कारण ऑइलपेंटचा हात भरून मारायची त्यांना सवय असते. जवसाचं तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थराची वरची साय आधी धरते, आतलं ओलंच राहतं, मग साय फुगते आणि तिच्यावर तापवलेल्या दुधासारख्या सुरकुत्या पडतात. त्या घासून काढण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

दोन हातांत थंडीत दोन दिवस द्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात थर आठवडाभर चिकटत राहतो आणि मेमध्ये लू बरोबर धूळ आणते. कपाटाच्या आत हा रंग वापरू नका, अंधारात जवसाचा रंग पिवळा पडतो. आत बेलतेलही नको, महिनोन्‌महिने त्याचा वास कपड्यांना लागतो. आतून चपड्याचा एक हात पुरेसा आहे.

आणि हे पेंटरला दोनदा सांगा: तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. ऑक्सिजन घेताना तेल तापतं. ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही वेळ फार लवकर येते. काम संपलं की चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा.

प्रश्न: कळमेश्वरकडे शेतात आम्ही फळ्यांची खोली बांधतोय, अवजारं ठेवायला आणि रात्री मुक्कामाला. ती स्वीडनसारखी तांबडी करायची आहे. रेड ऑक्साइड प्रायमर मारला तर चालेल ना?

उत्तर: प्रायमरने रंग तांबडा होईल, पण दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतील. स्वीडिश तांबड्याचा पापुद्रा कधीच सुटत नाही, कारण त्यात पापुद्राच नसतो. तो पिठाच्या खळीत शिजवलेला मातीचा रंग आहे.

त्याची माती डालार्ना प्रांतातल्या फालुन गावच्या तांब्याच्या खाणीची. तांबं काढून उरलेल्या खनिजाच्या ढिगांत लोहाचं ऑक्साइड असतं, ते धुऊन भाजलं की हा रंग होतो. खाण १९९२ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली, आणि जुन्या ढिगांतून रंग आजही काढला जातो. तुमच्यासाठी गेरू किंवा रंगाच्या दुकानातली रेड ऑक्साइडची भुकटी दोन्ही चालतात, मूळ द्रव्य तेच. गेरूत मातीचा अंश जास्त असल्याने रंग थोडा मवाळ येतो. आम्हाला तो कापसाच्या काळ्या शेतात जास्त आवडतो.

१० लिटर पाणी लोखंडी ड्रमात उकळा. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, हिराकस (फेरस सल्फेट) ते खाऊन टाकतो. उकळत्या पाण्यात ४०० ग्रॅम हिराकस विरघळवा. मग ७०० ग्रॅम कणीक वेगळ्या गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, हळूहळू ओता. तिकडे राय नावाच्या धान्याचं पीठ घालतात, पण गव्हाचंही चालतं. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा. शेवटी १ किलो ६०० ग्रॅम रंग घालून आणखी अर्धा तास शिजवा. ढवळणं थांबलं की तळाला लागतं आणि जळक्या पिठाची चिकटण जाते. पातळ पिठल्याइतकं झालं की उतरवा. पीठ रंगाला लाकडावर धरून ठेवतं, आणि हिराकस पिठाला व लाकडाला बुरशीपासून राखतो.

फळ्या लकडगंजच्या आरा मशीनवरून कापून आणा आणि रंधा मारू नका असं बजावून सांगा. करवतीच्या खरखरीत अंगातच हा रंग रुततो. गुळगुळीत फळीवरून तो पुढच्या पावसाळ्यात धुऊन जातो. कोमट रंगाचे दोन हात द्या. एवढ्या रंगात एका हाताला ३०० चौरस फुटांच्या आसपास होईल. खालचा दगड-सिमेंट आधी झाकून घ्या, हिराकसाचे गंजासारखे डाग दगडावरून निघत नाहीत. चौकटी आणि कोपऱ्याच्या पट्ट्या आधीच्या उत्तरातल्या जवसाच्या रंगाने, काजळी-रामरज न घालता, पांढऱ्या रंगवा, तीच त्या घरांची ओळख. हा रंग पाठीला थोडा लागतो, हे मात्र मान्य करावं लागेल. काही वर्षांनी फिका पडला की कुंच्याने धूळ झाडायची आणि वरून नवा हात द्यायचा, खरवडावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळी जमिनीला टेकू देऊ नका. तिकडेही घर दगडी जोत्यावरच बसवतात. आपल्याकडे वाळवीमुळे जोतं निदान दीड फूट हवं, आणि कवेलू भिंतीच्या दोन फूट बाहेर आलेली हवीत. रंग कितीही चांगला असला तरी वाळवीला तो अडवत नाही.

प्रश्न: आईच्या जुन्या सुती साड्यांचा ढीग आहे. त्यातून चिंध्यांची पट्टी विणून घ्यायची आहे. किती साड्या लागतील, विणकराला काय सांगायचं?

उत्तर: अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब पट्टीला दोन किलोच्या आसपास कापड लागतं, म्हणजे चार-पाच सुती साड्या. नायलॉन किंवा सिंथेटिक साडी मिसळू नका. ती घसरते, दाबून बसत नाही, आणि पट्टीत त्या जागी फुगवटा येतो. साड्या आधी धुऊन घ्या आणि रंग सुटतोय का ते पाहा. सुटत असेल तर मिठाच्या भरवशावर राहू नका, ती साडी बाजूला काढा.

पातळ साडीच्या पट्ट्या अडीच सेंटिमीटरच्या, जाड चादर असेल तर दीड सेंटिमीटरच्या कापा. जोडताना गाठ मारू नका, शिवूही नका. दोन्ही टोकं तिरपी कापून चार बोटं एकमेकांवर ठेवून विणली की जोड दिसतही नाही. ताणा जाड, पिळाच्या सुती दोऱ्याचा घ्यायला सांगा, सेंटिमीटरला तीन दोरे. चिंध्यांची पट्टी झिजते ती ताणा तुटून, चिंधी सहसा तुटत नाही.

नागपुरात विणकर आहेत, पण साडीचा बारीक हात आणि चिंधीचा हात वेगळा. चिंधी ताणून घातली की कडा आत ओढल्या जातात आणि अडीच फुटांची पट्टी शेवटी सव्वादोन फुटांवर येते. प्रत्येक फेऱ्यात चिंधी सैल, कमानीसारखी टाकायची आणि मग फणी जोरात मारायची, हे आधी बोलून घ्या. रंगांची वाटणी तुम्हीच करा. प्रत्येक रंगाच्या पट्ट्या तोलून दोन सारखे भाग करा, एक भाग सुरुवातीला आणि एक शेवटाला. तसं केलं नाही तर आईची हिरवी साडी अर्ध्यातच संपते आणि दुसऱ्या टोकाला ती कुठेच दिसत नाही.

घातल्यावर पट्ट्या लांबीच्या लांबी शेजारी शेजारी टाका, मधली फरशी थोडी दिसू द्या.

प्रश्न: भिंतीच्या खालच्या भागाला लाकडी पॅनेलिंग करायचं आहे. सुतार एमडीएफ म्हणतो. खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो.

उत्तर: कूलर असेल तर एमडीएफ नाही. कापलेल्या कडेतून ते ओल पितं, फुगतं आणि पुन्हा खाली बसत नाही. खोक्यांचं पाइन घ्या. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत परदेशी यंत्रांबरोबर येतं, भंगारवाल्यांकडे मिळतं. त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते घरात आणू नका.

उंची ३२ ते ३६ इंच. खाच-जिभेच्या चार इंची पट्ट्या, मागे पाऊण इंची बॅटन (आधाराच्या लाकडी पट्ट्या), म्हणजे हवा खेळेल. बॅटनना आणि पट्ट्यांच्या पाठीला बोरॅक्स-बोरिकचं पाणी दोनदा लावा. लिटरभर गरम पाण्याला ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर. पट्ट्या बसवण्याआधी पंधरा दिवस त्याच खोलीत रचून ठेवा. कोरड्या दिवसांत बसवत असाल तर दोन पट्ट्यांत दीड मिलिमीटर फट सोडा. जुलैत त्या फुगतात, आणि जागा नसेल तर मधूनच उचलल्या जातात. पट्टीची जीभ बसवण्याआधीच रंगवून घ्या. नाहीतर मार्चमध्ये लाकूड आटलं की प्रत्येक जोडात कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसते. खिळा एकाच पट्टीतून मारायचा, दोन्हींतून नाही.

कूलरच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना फूटभर भिंत मोकळी ठेवा. आपल्या जड पाण्याचे तुषार रंगावर पांढरे क्षार सोडतात. आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच कूलर चालवा.

प्रश्न: भाड्याचा फ्लॅट आहे, त्रिमूर्तीनगरला. भिंतीला हात लावता येत नाही. थोडक्यात काय करता येईल?

उत्तर: ट्यूबलाइट बंद करा आणि २७०० केल्विनचे तीन छोटे दिवे तीन उंचींवर लावा. जमिनीवर दोन चिंध्यांच्या पट्ट्या, खिडकीला मांजरपाट, खाली पेटी असलेला एक लाकडी बाक. स्वीडिश स्वयंपाकघरात असा बाक असतो, दिवसा बसायला आणि रात्री ओढून झोपायला. आपल्या पेटीच्या दिवाणाचाच तो भाऊ. बाकी काही आणू नका, उलट असलेल्यातलं थोडं काढा.

प्रश्न: आजीच्या लाकडी पेटीवर लेखातली ती लांब पानाफुलांची नक्षी काढायची आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर: त्या नक्षीला कुर्बिट्स म्हणतात. नाव लॅटिनमधल्या भोपळ्याच्या शब्दावरून आलं. बायबलात योना या संदेष्ट्याच्या डोक्यावर देवाने वेल वाढवून सावली धरली, तो हा भोपळा. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढची कित्येक दशकं डालार्नाचे चितारी गावोगाव पायी फिरून भिंती आणि पेट्या रंगवत. चढत्या पावसाळ्यात कवेलूंवर पसरलेला भोपळ्याचा वेल ज्याने पाहिला आहे, त्याला हे फुगलेलं पान आणि वळलेलं टोक समजावून सांगावं लागत नाही.

पेटी सागाची आणि चांगल्या स्थितीतली असेल तर मोह टाळा. नसेल तर आधी मॅट निळा किंवा गर्द हिरवा पाया द्या आणि तीन दिवस वाळू द्या. खडूने मधला देठ आणि दोन्ही बाजूंच्या कमानी एवढंच आखा, पानं आखू नका. गोल टोकाचा, मऊ केसांचा सहा नंबरचा ब्रश घ्या. अर्ध्या भागाला गडद आणि अर्ध्याला पांढरा रंग भरा. ब्रश दाबून ठेवा, ओढत आणा आणि ओढता ओढता उचला. पाणी सुटल्यासारखं एक पान तयार होतं, एका बाजूने उजळ आणि एका बाजूने सावलीचं. हा एकच फटकारा पाटीवर ओल्या ब्रशने शंभर वेळा करा, मग पेटीला हात लावा. चुकलेलं पान ओलं असतानाच पुसा. त्यावर दुरुस्ती करत बसलात की पानाचा जीव जातो. ठिपके आणि बारीक शिरा अगदी शेवटी, पांढऱ्याने.

प्रश्न: डिसेंबरात तिकडे संत्र्यांना लवंगा टोचून टांगतात, असं वाचलं. नागपूरच्या माणसाने हे करायलाच हवं! मागच्या वर्षी केलं, पण आठ दिवसांत संत्री बुरशीने गेली.

उत्तर: दोष तुमचा नाही, आपल्या संत्र्याचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, आत पोकळी असते. म्हणूनच ते सोलायला इतकं सोपं. टोचलेली लवंग त्या पोकळीत लटकते, भोक मोठं होतं, ओल आत साठते आणि बुरशी धरते. तिकडे वापरतात ते घट्ट सालीचं संत्रं. त्याऐवजी मोसंबी घ्या, लहान आणि कडक, देठाशी कुठेही मऊ नसलेली.

एका मोसंबीला ३० ग्रॅमच्या आसपास लवंगा लागतात. डोकं शाबूत असलेल्याच निवडा. टूथपिकने आधी भोक पाडा, नाहीतर लवंगेची मान मोडते. दोन लवंगांत एका लवंगेच्या डोक्याएवढी जागा सोडा, कारण फळ आटतं आणि खच्चून भरलेल्या लवंगा साल फाडून बाहेर पडतात. मग दालचिनीच्या बारीक पुडीत घोळवून कागदावर वाऱ्याला ठेवा, रोज फिरवा. नागपूरची डिसेंबरची कोरडी हवा या कामाला फार चांगली आहे, दोन-तीन आठवड्यांत फळ हलकं आणि खडखडीत होतं. त्यानंतर फीत बांधून खिडकीत टांगा. स्वयंपाकघरात टांगू नका, तिथली वाफ त्याला पुन्हा ओलं करते.

आंबिया बहाराच्या संत्र्यांचं काही करायचंच असेल तर आडव्या चकत्या करा, अर्धा सेंटिमीटर जाड. ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर तीन-चार तास ठेवा आणि दर तासाला उलटा. ओव्हन नसेल तर गच्चीवर जाळीवर पातळ कापड झाकून चार-पाच कडक उन्हं द्या. चकती काचेसारखी पारदर्शक आणि कडक झाली की ती झाली. सुतळीत ओवून खिडकीला लावा, सकाळच्या उन्हात ती पेटलेल्या काचेसारखी दिसते. संक्रांतीनंतर मात्र काढून टाका, पहिल्या ढगाळ आठवड्यात ती मऊ पडून मुंग्यांना बोलावते.